दाराची कडी वाजवण्याआधी आणि नंतर: नव्या पाळकाने मंडळी कशी ओळखावी

माझ्या पहिल्या मंडळीत रुजू होऊन आठ महिने झाले होते. एका रविवारी वचन वाचणारा तरुण आला नाही, म्हणून मी तिसऱ्या बाकावरच्या एका काकांना खूण केली. ते उठले, पुढे आले, पवित्र शास्त्र उघडून हातात धरले आणि स्तोत्र 23 म्हणू लागले. त्या दिवशीचा पाठ लूकच्या शुभवर्तमानातला होता. मागे बसलेली दोन-चार मुले हसली. काका थांबले नाहीत, शेवटपर्यंत म्हणाले, पुस्तक मिटले आणि जागेवर जाऊन बसले. पुढचे चार महिने ते उपासनेला आले नाहीत.

त्यांना वाचता येत नव्हते. हे मला त्यांच्या घरच्या काकूंनी सांगितले, तेही मी खोदून विचारले तेव्हा. त्यांचे घर चर्चपासून पायी पंधरा मिनिटांवर होते, आणि आठ महिन्यांत मी तिथे एकदाही गेलो नव्हतो. दर शनिवारी रात्री मी प्रवचनावर चार-चार तास बसत होतो. ते प्रवचन ज्यांच्यासाठी होते, त्यांच्यातल्या एकाला अक्षर येत नाही एवढेही मला ठाऊक नव्हते. (काका आता प्रभूकडे गेले आहेत. ही गोष्ट मी त्यांच्या मुलाला विचारून सांगतो आहे.)

नागपुरात नव्याने येणाऱ्या पाळकांसाठी हे लिहितो आहे. काही सेमिनरीतून थेट येतात, काही चंद्रपूर किंवा जालन्याकडून बदलून. मंडळी व्यक्तिशः ओळखणे हे प्रवचन, मीटिंगा आणि बांधकाम फंड यांतून वेळ उरला तर करायचे काम नाही. आपल्याला पाळक म्हणतात ते त्याच कामावरून. योहान 10 मध्ये मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. नीतिसूत्रे 27:23 मध्ये आपल्या कळपाची स्थिती नीट जाणून घ्यायला सांगितले आहे. यहेज्केल 34 मध्ये देव ज्या मेंढपाळांवर रागावतो, त्यांच्यावर आजारी मेंढरू न पाहिल्याचा, भरकटलेले न शोधल्याचा ठपका आहे. त्यांची शिकवण चुकीची होती, असे तिथे म्हटलेलेच नाही.

पहिला आठवडा: रजिस्टरे

कुणाच्याही घरी जाण्याआधी चर्चच्या कपाटातली रजिस्टरे काढा. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, दफन आणि सभासदांची यादी. सेक्रेटरीकडून किल्ली घ्या आणि दोन दिवस शांतपणे बसून वाचा.

सर्वांत आधी दफनाचे रजिस्टर. गेल्या दोन वर्षांत कोण कोण गेले, कोणत्या तारखेला, वय किती, मागे कोण उरले. ज्या घरात फेब्रुवारीत माणूस गेला, त्या घरात येणारा नाताळ त्या माणसाविना पहिला असणार. डिसेंबरमध्ये नाताळगीते म्हणणारा गट दारोदार फिरू लागतो, तेव्हा त्या घरी गिटार आणि टाळ्या घेऊन जायचे की दोन माणसांनी आधी जाऊन बसायचे, हे तुम्हाला त्या रजिस्टरवरून कळेल. चाळीस वर्षांच्या आतले मृत्यू वेगळे लिहून ठेवा. तान्ह्या बाळांचे तर नक्कीच; त्या आईला ती तारीख आयुष्यभर आठवते आणि दुसरे कुणीही ती काढत नाही.

बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वीची नावे पाहा आणि आजच्या संडे स्कूलच्या हजेरीशी ताडून बघा. जी नावे जुळत नाहीत ती मुले कुठे आहेत? काही पुण्याला गेली असतील, काही घरातच असतील आणि चर्चला येत नसतील.

आधीचे पाळक भेटले तर दोनच प्रश्न विचारा: अंथरुणाला खिळलेले कोण आहे, आणि एकटे कोण राहते? कोण त्रास देतो हे विचारू नका. तरी कुणी ना कुणी ते सांगेलच. ऐकून घ्या, पण वहीत उतरवू नका. ज्यांच्याबद्दल मला पहिल्या दिवशी सावध केले गेले होते, त्यांपैकी दोन कुटुंबे पुढे माझ्या सेवेचा कणा झाली.

वही

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक घराला एक पान. वर घराचे नाव, पत्ता आणि खूण. नागपुरात पत्त्यापेक्षा खूण महत्त्वाची: पाण्याच्या टाकीमागे, आटाचक्कीच्या गल्लीत, निळे गेट. मग घरातल्या प्रत्येकाचे नाव, आणि घरात त्याला ज्या नावाने हाक मारतात ते नाव. रजिस्टरमध्ये एलिझाबेथ असलेल्या आजी मोहल्ल्यात सगळ्यांच्या शांताबाई असतात. वाढदिवस, लग्नाची तारीख, मृत्यूची तारीख. काम आणि ड्यूटीची वेळ. ऐकू कमी येते का, कोणत्या कानाने. डायबेटिस आहे का, म्हणजे साखरेचा चहा आणि प्रभुभोजनाआधीचा उपवास हे दोन्ही प्रश्न आले. वाचता येते का. हे विचारायचे नसते, लक्षात घ्यायचे असते.

काय लिहायचे नाही, हेही ठरवून घ्या. कुणाचे कर्ज, कुणाचे व्यसन, नवरा-बायकोतली भांडणे, मुलीचे जमलेले किंवा मोडलेले लग्न, आजाराचे नाव, यातले काहीही वहीत येऊ नये. वही हरवू शकते. तिथे मी फक्त एक टिंब काढायचो. त्याचा अर्थ एवढाच, की या घरी पुन्हा लवकर जायचे आहे. बाकीचे डोक्यात आणि प्रार्थनेत.

हे सगळे फोनमध्ये का नको, असे तरुण पाळक विचारतात. फोन आपण मुलांच्या हातात देतो, दुरुस्तीला टाकतो आणि त्यातून चुकून दुसरीकडे पाठवतो. एका मंडळीत प्रार्थनेची विनंती म्हणून एका बहिणीची तपासणीची माहिती मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. तिच्या सासरच्यांना ती तिथे कळली. अशी चूक परत घेता येत नाही.

कुणाकडे आधी जायचे

नवा पाळक आला की कमिटीचे सभासद त्याला जेवायला बोलावतात. प्रेमाने बोलावतात, आणि जायलाही हवे. पण पहिल्या महिन्यातल्या सगळ्या संध्याकाळी त्याच पाच-सहा घरांत गेल्या, तर उरलेली मंडळी ते पाहते आणि मनात धरते. माझा क्रम असा: आधी अंथरुणाला खिळलेले, मग वर्षभरात ज्यांचे माणूस गेले ते, मग एकटे राहणारे, मग शेवटच्या बाकावर बसून आशीर्वादाआधीच निघून जाणारे. कमिटी त्यानंतर. पहिल्याच मीटिंगमध्ये हा क्रम उघड सांगून टाका. समजूतदार माणसे नाराज होत नाहीत. उलट कुणीतरी वडील उठून म्हणतात, मी तुम्हाला अमक्या आजींकडे नेतो.

आता हिशेब. समजा तुमच्याकडे 120 घरे आहेत. आठवड्याला पाच घरे केली तर 24 आठवडे लागतात. नाताळ, ईस्टर, लग्नसराई आणि तुमचा स्वतःचा ताप धरून सात महिने म्हणा. म्हणजे वर्षभरात प्रत्येक घरी एकदा जाऊन येता येते आणि ज्यांना गरज आहे तिथे तीन-चारदा. 17व्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते. त्यांच्या मंडळीत सुमारे 800 कुटुंबे होती. सोमवार आणि मंगळवार हे दोन दिवस त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने याच कामासाठी राखून ठेवले होते. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे. भागाकार करून पाहा, बरोबर वर्ष भरते. त्यांची प्रकृती बहुतेक आयुष्यभर नाजूकच होती.

तुमच्याकडे 300 घरे असतील तर एकट्याने होणार नाही. मंडळीतले वडील आणि महिला संघाच्या भगिनी यांच्यात मोहल्ले वाटून द्या. पण तुमची स्वतःची फेरी बंद करू नका.

नागपूरचे अंतर आणि नागपूरचे ऊन

एके काळी सदर, मेकोसाबाग, मार्टिननगर, मोहननगर या भागांत मंडळी चर्चच्या आसपास राहायची. घंटा ऐकू यायची. आता मुलांनी मानकापूर, झिंगाबाई टाकळी, बेसा, हिंगणा, बुटीबोरीकडे फ्लॅट घेतले आहेत आणि म्हातारी माणसे जुन्या घरात आहेत. एकाच कुटुंबाची दोन पाने होतात. जुन्या घरी सकाळी जा, नव्या घरी संध्याकाळी.

शहराचा नकाशा भिंतीवर लावा आणि घरांवर टिकल्या चिकटवा. मग दिशा ठरवून निघा: एका दिवशी कामठी रोड, एका दिवशी वर्धा रोड. मेट्रोच्या खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या दोन मार्गांवरची घरे गाडी न काढता होतात. स्टेशनवरून घरापर्यंत चालत गेल्यावर आणखी चार ओळखीचे चेहरे भेटतात, हा वेगळा फायदा.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. दुपारी बारा ते पाच कुणाच्या दारात उभे राहू नका. कूलरसमोर डोळा लागलेल्या माणसाला उठवून प्रार्थना करणे त्यालाही जड आणि तुम्हालाही. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेसहानंतर. पण त्याच महिन्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दर दोन दिवसांनी फोन करा: पाणी आहे का, लाइट आहे का, कूलर चालतो का. पाळकाच्या भेटीचे खरे मोल मला मे महिन्यातच कळले.

ड्यूटीच्या वेळा पाठ करा. अजनीच्या रेल्वे कॉलनीतला लोको पायलट रात्रभर गाडी चालवून सकाळी झोपतो. कोराडीच्या वीज केंद्रात शिफ्ट असते. नर्स असलेल्या बहिणींची नाइट ड्यूटी असते. त्या रविवारी दिसल्या नाहीत म्हणून विश्वासात मागे पडल्या असे कुणी म्हटले, तर तिथेच थांबवा. अशा घरी त्यांच्या सुटीच्या दिवशी जायचे, आपल्या नव्हे.

घरात गेल्यावर

आधी फोन करा. अचानक येणारा पाळक म्हणजे घरातल्या बाईची धावपळ. फोनवरच सांगा: काकू, जेवणाचे काही करू नका, अर्धा तास बसून जाईन. आणि अर्ध्या तासातच उठा, त्यांनी आग्रह केला तर चाळीस मिनिटांत.

चपला बाहेर. «बसा ना जी, पाळकसाहेब,» असे म्हणून तुम्हाला घरातली सर्वांत चांगली खुर्ची देतील. आजोबा पलंगावर असतील तर ती खुर्ची पलंगाजवळ ओढून घ्या, म्हणजे त्यांना मान उचलावी लागणार नाही. चहा आला तर घ्या. गरीब घरातला चहा नाकारू नका; तुम्ही वरच्या घरी पोहे खाऊन आलात हे त्यांना ठाऊक असते.

पहिली दहा मिनिटे काहीच शिकवू नका. भिंतीकडे पाहा. फोटो असतील, त्यांच्याविषयी विचारा: हे कोण? हा फोटो कुठला? एका प्रश्नात घराचा इतिहास उघडतो. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, आजी मूर मेमोरियलमध्ये परिचारिका होत्या, कुणी छिंदवाड्याहून आले, कुणी रायपूरहून. बोली बदलते. नागपूरच्या मंडळीत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी एकाच घरात ऐकू येते, कधी तमिळ किंवा मल्याळमही. आजींना ज्या भाषेत रडू येते, त्या भाषेतले दोन शब्द शिकून घ्या.

मुलांना नावाने हाक मारा. त्यांना परीक्षेचे मार्क विचारू नका, ते सगळेच विचारतात. कुत्र्याचे नाव विचारा, कोणता खेळ खेळतो ते विचारा. पुढच्या भेटीत कुत्र्याचे नाव तुमच्या लक्षात असले, तर त्या मुलाच्या दृष्टीने तुम्ही खरे पाळक झालात.

हे विचारू नका: पगार किती, मूल केव्हा, लग्न कधी, वर्गणी का राहिली. वर्गणीचा विषय भेटीत कधीही काढू नये. खजिनदाराला सोबत नेऊ नये. घरोघरी फिरणारा पाळक पैशासाठी फिरतो अशी शंका एकदा आली, की ती जायला वर्षे लागतात.

मग हळूच विचारा: प्रार्थनेत काय मागू? या प्रश्नानंतर गप्प राहा. नव्या पाळकांना ही शांतता सोसत नाही, ते लगेच वचन काढतात. थांबा. घड्याळाची टिकटिक ऐकू येईल. बहुतेक वेळा खरी गोष्ट तेव्हाच बाहेर येते, आणि ती विचारलेल्या माणसाकडून न येता स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडून येते.

वचन छोटे वाचा, पाच-सहा ओळी. स्वतः वाचा किंवा घरातल्या ज्याला वाचायची हौस आहे त्याला द्या. कुणाला वाचायला लावू नका. का ते मी वर सांगितले. प्रार्थनेत प्रत्येकाचे नाव घ्या, घरातल्या नावाने. प्रार्थनेत उपदेश घुसवू नका. «प्रभू, या मुलाला आईवडिलांचे ऐकण्याची बुद्धी दे» ही प्रार्थना नव्हे, ती चुगली आहे, आणि मुलाला ती बरोबर कळते.

बाई घरात एकटी असेल तर पत्नीला किंवा मंडळीतल्या भगिनीला सोबत न्या. तसे जमले नाही तर दारातच विचारपूस करून, अंगणात प्रार्थना करून निघा. नियम सगळ्या घरांना सारखा ठेवा, म्हणजे कुणाला वेगळे वाटणार नाही.

काही घरांत अर्धी माणसे ख्रिस्ती नसतात. सून बौद्ध कुटुंबातली असते, जावई हिंदू असतो. त्यांनाही नमस्कार करा, नावाने ओळखा, त्यांच्या आईची प्रकृती विचारा. ती भेट धर्मशिक्षणाची नाही. तुम्ही त्यांच्या घरी पाहुणे आहात.

बाहेर पडलात की गल्लीच्या टोकाला थांबून वहीत दोन ओळी लिहा. त्यांच्यासमोर लिहू नका. तिसऱ्या घरापर्यंत पहिल्या घरातली नावे मिसळतात, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

रविवारी

उपासनेआधी वीस मिनिटे दारात उभे राहा, वेस्ट्रीत, म्हणजे पाळकाच्या तयारीच्या खोलीत, बसू नका. हात मिळवताना नाव घ्या. नाव आठवत नसेल तर सरळ विचारा; तीनदा विचारले तरी चालते, चुकीचे नाव घेतलेले चालत नाही.

आणि रिकाम्या जागा पाहा. माणसे ठरलेल्या बाकावर बसतात, त्यामुळे कोण नाही हे वेदीपाशी उभ्या माणसाला सर्वांत आधी दिसते. सलग दोन रविवार जागा रिकामी असली तर मंगळवारपर्यंत फोन करा. «का आला नाहीत?» असे नको. «तुमची आठवण आली, बरे आहात ना?» एवढेच. त्या काकांची चार महिने रिकामी राहिलेली जागा मी दर रविवारी पाहत होतो. दीड महिना मला वाटत राहिले की ते रागावलेत, तर शांत होऊ द्यावे. ते रागावले नव्हते, त्यांना लाज वाटत होती, आणि त्या लाजेतून त्यांना बाहेर काढायला मीच जायला हवे होते.

मेडिकल, मेयो, धंतोली

नागपूरच्या पाळकाची मंडळी नागपूरपुरती नसते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा इथले पेशंट मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि धंतोलीतल्या खासगी दवाखान्यांत येतात. तिकडचा पाळक फोन करतो: आमचे एक भाऊ मेडिकलला भरती आहेत, पाहून याल का? जा. ते तुमच्या रजिस्टरमध्ये नाहीत, पण वॉर्डाबाहेर फरशीवर चादर टाकून बसलेली त्यांची बायको या शहरात कुणालाच ओळखत नाही. तिला रक्तपेढी कुठे, स्वस्त जेवण कुठे, औषधाचे दुकान कोणते हे दाखवणे हीसुद्धा सेवा आहे.

वॉर्डात हात धुऊन जा. पलंगावर बसू नका. डॉक्टरांचा राउंड चालू असेल तर बाहेर थांबा. पाच ते दहा मिनिटे पुरतात. आवाज इतकाच, की शेजारच्या पेशंटला त्रास होऊ नये. याकोब 5:14 मध्ये आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे आहे, तेव्हा एखादे वडील सोबत न्या. आणि औषध बंद करा, विश्वास ठेवा, असे कधीही बोलू नका. डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी घरी जा. दवाखान्यात सगळेच येतात. घरी आल्यावर माणूस एकटा पडतो.

ऐकलेले कुठे ठेवायचे

दारे उघडली की माणसे बोलतात. जे कानावर येते ते पत्नीलासुद्धा सांगायचे नसते. प्रवचनात तर अजिबात नाही, नाव बदलूनही नाही. नागपूर मोठे शहर असले तरी मंडळी म्हणजे गावच. «एक कुटुंब होते» असे म्हटले की सगळे डोळे एकाच बाकाकडे वळतात. तुम्ही घरोघर जाऊ लागलात की प्रवचन आपोआप बदलते. उदाहरणे तीच राहिली तरी आवाज बदलतो, कारण समोर कोण बसले आहे हे तुम्हाला माहीत असते. तेवढा बदल पुरे.

पण गुप्ततेला मर्यादा आहेत. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळकाला सूट नाही. घरातली इज्जत, चर्चचे नाव, आरोपी कमिटीचा सभासद आहे, यातले काहीही आड येऊ देऊ नका. मदतीचे फोन नंबर: बालकांसाठी 1098, संकटातल्या स्त्रियांसाठी 181. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला फक्त सहन करायला आणि प्रार्थना करायला सांगून परत पाठवू नका. जीव नकोसा झाला असे कुणी बोलले तर ते शब्दशः घ्या, त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, घरच्या विश्वासू माणसाला बोलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची 14416 ही हेल्पलाइन मोफत आहे आणि 24 तास चालते. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही. सोबत बसणे तुमचे काम, उपचार त्यांचे.

जे येत नाहीत, आणि जे दूर आहेत

दुसऱ्या फेलोशिपला जाऊ लागलेल्या कुटुंबाकडेही जा. परत आणायला म्हणून नको. त्यांच्या आईवडिलांच्या कबरी तुमच्याच दफनभूमीत आहेत. कोपऱ्यात उभे राहून सलाम केला तरी चालेल, पण नाते तोडू नका. भांडणात दोन तट पडलेले असतील तर एकाच आठवड्यात दोन्हीकडे जा, आणि एकीकडचे दुसरीकडे नेऊ नका.

पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मुलांना वाढदिवशी फोन करा. नागपुरात शिकायला आलेल्या मुलांची होस्टेले शोधा आणि रविवारी त्यांना कुणाच्या तरी घरी जेवायला बसवा.

न पाहिलेल्या माणसांशीही नाते कसे राखायचे, हे रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात दिसते. पौल तोवर रोमला गेला नव्हता. तरी तो वीसहून अधिक माणसांची नावे घेतो, आणि बऱ्याच जणांपुढे काहीतरी खास लिहितो. कोण त्याच्यासोबत तुरुंगात होते, कुणी खूप कष्ट केले. रूफच्या आईबद्दल तो म्हणतो, की ती माझीही आई आहे. नावांची यादी म्हणून आपण हा अध्याय उपासनेत वाचतच नाही. नव्या पाळकाने तो महिन्यातून एकदा वाचावा, आणि मग आपल्या मंडळीबद्दल तसाच लिहून पाहावा. जिथे नावापुढे काही सुचत नाही, त्या घरी आधी जावे.

बदलीची चिठ्ठी आल्यावर

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले आणि 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटहून परतताना रात्री पुराच्या पाण्यात वाहून गेले. अठरा वर्षे. या भागातली माणसे, बोली, गोंडांच्या चालीरीती यांची त्यांनी केलेली टिपणे त्या अठरा वर्षांत फिरून, बसून, ऐकून झालेली होती. आपल्याला एका जागी बहुधा तीन ते पाच वर्षे मिळतात. त्यामुळे आपण जमवलेली ओळख आपल्याबरोबरच जाऊ नये याची व्यवस्था करावी लागते.

निघण्याच्या महिनाभर आधी वही घेऊन बसा. टिंबांची पाने फाडून टाका. ती गोष्ट ज्याची त्याने नव्या पाळकाला सांगायची की नाही ते ठरवावे. उरलेल्या वहीतून स्वच्छ कागदावर एवढेच उतरवा: अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, वर्षभरात ज्यांचे माणूस गेले ते. प्रत्येकापुढे एक ओळ. शेवटच्या चार भेटींत नव्या पाळकाला सोबत न्या आणि ओळख करून देऊन तुम्ही जरा लवकर उठा, त्यांना बसू द्या.

माझ्या शेवटच्या कागदावर सतरा नावे होती. पहिली ओळ त्या काकांच्या घरची होती, कारण तोवर काकू एकट्या राहत होत्या: मागच्या दाराने जा, पुढची कडी त्यांच्या हाताने निघत नाही; उजव्या बाजूला बसा, डाव्या कानाने ऐकू येत नाही; स्तोत्र 23 त्यांना पाठ आहे, त्यांच्यासोबत म्हणा.